शहदातली अर्धी गोळी

५ जानेवारी, रविवार

नाही घेतलं मले! सख्ख्या नातीनं नाही घेतलं!

दामिनी सकाळच्या गाडीनं अकोल्याहून आली. तिथं ती डॉक्टरकीच्या पुढची डॉक्टरकी शिकून राहिली — औषधांची. परीक्षेच्या आधी तिले एक मोठा अभ्यास करा लागते. गुडघे दुखणारी साठ माणसं धरायची, सहा हप्ते गोळी द्यायची, अन् रोज किती दुखलं ते मोजायचं. एकोणसाठ माणसं भेटली, साठावं भेटत नव्हतं. मी म्हटलं, हे काय समोर बसलं! दोन्ही गुडघे देतो, एकावर एक फुकट!

"नात्यातलं माणूस चालत नाही आजी. नियम आहे."

अन् मंग कोणाले घेतलं? शेजारच्या जहाँआरा आपाले! आमच्या भिंतीले तिची भिंत. आमी बडनेऱ्यात राहाले आलो तवापासूनची, अडतीस वर्षं झाली. ह्या पोट्टीले पायावर घेऊन न्हाऊ घातलं ते आपानंच — माझी तवा कंबर धरली होती. पोट्टी तिले नानी म्हणते. मी विचारलं, काय वं, नानी नात्यातली नाही काय?

"कागदावर नाही," म्हणे.

कागदाचंच राज्य आहे बापा!

मी रुसली. जेवली नाही. म्हणजे थोडीशीच जेवली, वांग्याचं भरीत होतं म्हणून. मंग पोट्टीनं मले ही वही दिली. त्या साठ जणांले देतात तशीच. पानावर तारखेची जागा, खाली शून्यापासून दहापर्यंत आकडे. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही. दहा म्हणजे देवा, उचल आता. रोज एका आकड्याभोवती गोल करायचा. "तू पण भर आजी, पण तुझी मोजणार नाही."

नको मोजू. मागचं पान कोरं आहे ना! मी चौथी पास झाली अन् दुसऱ्या दिवशी वावरात निंदाले गेली, पण अक्षर माझं आजही गोल आहे. जी वही कोणी मोजत नाही, ती कोणी वाचत बी नाही. त्यात काहीही लिहिता येते!

आज सात.

६ जानेवारी

काल एक गंमत लिहायची राहिली.

आपा सही करत होती तवा मी बाजूलेच बसली होती. दामिनीनं सगळा कागद वाचून दाखवला. म्हणे, अर्ध्या डब्यांमध्ये खरी गोळी आहे, अन् अर्ध्यांमध्ये खोटी. खोटी दिसाले तशीच, चवीले तशीच, पण आत औषध नाही. तिचं नाव प्लासिबो. आपाले कोणती भेटन? दामिनी म्हणे, "मले बी माहीत नाही!" घेणारीले माहीत नाही, देणारीले माहीत नाही! यादी एका लिफाफ्यात, लिफाफा तिच्या मॅडमच्या कपाटात, कपाटाले कुलूप. सगळ्यांच्या वह्या भरल्या की मंग उघडन.

मी तर आ करून पाहत राहिली. आमच्याकडे औषध देताना डॉक्टर कसा छाती फुगवून सांगते! अन् ही म्हणते मले माहीत नाही, अन् तिलेच शाबासकी!

कागदावर एक ओळ होती, 'ही गोळी दुसऱ्या कोणाले देणार नाही.' ती दामिनीनं दोनदा वाचली. आपानं उर्दूत सही केली, उजवा हात छातीवर ठेवला. "अमानत है बेटा," म्हणे.

सात.

९ जानेवारी

आपानं काल गोळी सुरू केली. भिंतीवरून विचारलं, कसं वाटते? "कडवी है," म्हणे. बस्स! एवढंच! औषधाच्या माणसाले किती तोरा येते!

सात. वरून थंडी.

१२ जानेवारी, रविवार

आज सामुदायिक प्रार्थना होती. मी खुर्चीवर.

हे कोणापाशी बोलत नाही, इथं लिहितो. लहानपणापासून मी प्रार्थनेले जमिनीवर बसली. रांगेत, मांडी घालून, पाठ ताठ, डोळे बंद. माहेरी बी, लग्नानंतर सासरी नांदगाव खंडेश्वरले बी. तीन वर्षं झाली, गुडघे वाकत नाहीत. मागं प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग असते — त्यात मी, एक पाय मोडलेला मास्तर, अन् ज्याचं पोट मांडीत मावत नाही तो कंत्राटदार. समोर सगळ्यांची डोकी दिसतात. प्रार्थनेत डोकी दिसू नयेत माणसाले!

आपाचंही तेच. चार वर्षं खुर्चीवर नमाज. एकदा रडली होती माझ्यापाशी. म्हणे, मैना, माथा जमीन को नहीं लगता तो लगता है, चिट्ठी लिखी पर डाली नहीं.

दुपारी भिंतीपाशी गेली अन् सरळच बोलली. "आपा, जिंदगीभर आपण अर्धं-अर्धं खाल्लं. तुझ्या शिरखुर्म्यातलं अर्धं पातेलं इकडे, माझ्या पुरणातलं अर्धं तिकडे. सारवायचं शेण बी अर्धं घेतलं. आता गोळी आली तर एकटीच खाशीन?"

आपा पानाले चुना लावत राहिली. मंग म्हणे, "सोचती हूँ."

लाज वाटली मले थोडी. थोडीच!

१४ जानेवारी, संक्रांत

भेटली!! अर्धी गोळी भेटली!

तीळगूळ द्याले गेली होती. आपानं दार लोटलं. चुलीच्या खोलीत गेली, खलबत्त्याचा आवाज आला — ठक ठक ठक. चमच्यात शहद घेऊन आली, शहदात पांढरी भुकटी. "कडवी है, इसलिए शहद में. मुंह खोल, मैना."

मी मुंह खोललं.

"किसी को बोलना नहीं. दामिनी को तो बिलकुल नहीं."

कोणाले सांगतो मी! शहदात कडू काही लागलंच नाही. गोडच गोड. घरी येईपर्यंत गुडघ्यात काहीतरी गरम गरम झालं. देवाशपथ!

सून विचारते, "आई, आज लय हसून राहिल्या?" मी म्हटलं, साधना, तीळगूळ खाल्ला ना, गोड बोला लागते!

१५ जानेवारी

सात. पण नरम सात.

१७ जानेवारी

सहा!!

१९ जानेवारी, रविवार

दामिनीचा फोन. दर रविवारी करते. मले त्या खोट्या गोळीचं नाव डोक्यातून जात नव्हतं, म्हणून विचारलं, हे प्लासिबो कुठल्या गावचं वं? कंपनीचं नाव आहे काय?

पोट्टी खूश झाली. तिले असं विचारलेलं आवडते. म्हणे, आजी, ही तर प्रार्थना आहे! लॅटिन नावाची जुनी भाषा होती, गोऱ्या लोकांच्या देवळातली. कोणी मेलं की संध्याकाळी त्याच्यासाठी प्रार्थना म्हणत, तिचा पहिला शब्द प्लासिबो. अर्थ असा, की जित्या माणसांच्या मुलखात मी देवाले आवडीन.

मी तिले दोनदा म्हणाले लावलं. मंग इथं लिहून घेतलं.

जित्यांच्या मुलखात मी देवाले आवडीन.

पाहा बरं! मेलेल्यासाठी म्हणायची प्रार्थना अन् त्यात मेलेल्याचं नावच नाही. आपलंच सांगणं आहे देवाले. मी अजून इथं आहे बापा, नीट वागीन. किती बरोबर आहे! मयतीहून घरी आल्यावर आंघोळीच्या वेळी माणसाले नेमकं हेच वाटते — आतातरी नीट वागा लागन. दोन दिवस वागते बी.

पण प्रार्थनेची गोळी कशी झाली? "पुढच्या रविवारी सांगतो आजी, वॉर्डात जायचं आहे." गोष्ट अर्धीच ठेवली! आमच्या घराण्यात सगळं अर्धंच भेटते.

आज सहा. चमचा चार वाजता. आता मी पावणेचारलेच जाऊन बसतो.

२२ जानेवारी

पाच. पायरीवर न धरता चढली. एकच पायरी आहे आमच्या घराले, पण चढली ना!

२६ जानेवारी, रविवार

अवो माय, काय हसली आज! पोट धरून!

दामिनीनं पुढची गोष्ट सांगतली. त्या मुलखात मयतीनंतर जेवण देत. मंग काही लोक काय करत, ओळख ना पाळख, सोयरे बनून जात! रांगेत उभे राहून प्लासिबो प्लासिबो गात, अन् मंग पंगतीत बसत. म्हणून लोक असल्या माणसालेच प्लासिबो म्हणाले लागले. पुढं पुढं गोड बोलून काम काढणाऱ्या, हांजी-हांजी करणाऱ्या माणसाले बी तेच नाव पडलं.

मी फोनवरच ओरडली — खुशालराव!!

खुशालराव म्हणजे माझे धाकटे दीर. नांदगावलेच राहतात. तालुक्यात कुठंही तेरवी असो, खुशालराव हजर. पेपरातला निधनवार्तेचा कोपरा कापून खिशात ठेवतात. काखेत खंजिरी, पांढरी टोपी, जाऊन दोन भजनं म्हणतात, घरच्या बाईपेक्षा जास्त रडतात, अन् बुंदी बांधून आणतात. मागच्या वर्षी तर एका तेरवीत घरच्यांनी यांनाच विचारलं, "तुमी आमच्या बाबाचे कोण?" हे म्हणे, "आता काय सांगू, बाबाच सांगत तुमाले!"

अन् योग पाहा, दुपारी हेच दारात उभे! अमरावतीहून एक तेरवी करून येत होते. हातात बुंदीची पिशवी. मी म्हटलं, "या, प्लासिबो भावजी!"

"म्हणजे काय वहिनी?"

सगळं सांगतलं. मले वाटलं रागावतील. ते तर खुर्चीत मागं टेकून ऐकत राहिले. मंग म्हणे, "तिकडे बी होते तर आमच्यातले! पण वहिनी, एक सांगतो. गावात मोठा माणूस मेला त हजार लोक येतात, तिथं माझी काय गरज? मी पेपरात पाहतो, ज्याच्या नावाखाली एकच पोरगी अन् जावई लिहून असते, तिथं जातो. पन्नास पत्रावळी मांडून ठेवतात बिचारे अन् बारा माणसं येतात. तेरावा मी बसतो. रडणारं एक जास्त झालं तर मेलेल्याचं काय जाते?"

चाळीस वर्षं हसलो आमी त्यांच्यावर.

मंग म्हणे, "बुंदीचं म्हणाल तर, ती मले आवडते."

जाताना मी त्यांले भाकरी बांधून दिली. साधना म्हणे, "आई, तुम्ही उठून गेल्या अन् उठून आल्या, काठी इथंच आहे!" काठी खुंटीलेच होती.

पाच. साडेचार लिहिता येते काय?

२ फेब्रुवारी, रविवार

आजच्या अर्थात मले नवल नाही वाटलं. दामिनी म्हणे, मंग डॉक्टर लोकांनी तो शब्द उचलला. ज्या औषधानं बरं होत नाही पण रोगी खूश होते, ते प्लासिबो. प्रार्थनेत देवाले खूश करायचं होतं, इथं रोग्याले.

मी म्हटलं, बाई, हे आमाले देवराव डॉक्टरनं तुझ्या जन्माच्या आधी शिकवलं.

देवराव डॉक्टर नांदगावचे. सासूबाईले पंधरा दिवसांनी एक सुई लागायची. काही झालं नसलं तरी! सुई नाही टोचली तर तो डॉक्टर कसला? देवराव डॉक्टर गंभीर तोंड करून सुई उकळायचे, पाणी भरायचे, टोचायचे. मंग लाल औषधाची बाटली, बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी — इतकं सकाळी, इतकं संध्याकाळी. मले बाजूले घेऊन सांगतलं होतं त्यांनी, "मैनाबाई, आत साखरेचं लाल पाणी आहे. तुमी सांगू नका. तुमच्या सासूले औषध नाही पाहिजे, कोणीतरी नाडी धरलेली पाहिजे."

मी सासूबाईले कधी सांगतलं नाही. एकदा लय भांडण झालं तवा जिभेवर आलं होतं. गिळलं.

त्या सुईच्या दिवशी सासूबाई घट्टीवर पायली दळायच्या.

दामिनीनं तिकडे पेन शोधला, खुडबुड ऐकू आली. मंग म्हणे, "आजी, हे मी माझ्या थिसीसमध्ये लिहू?" माझं थिसीसमध्ये! चौथी पास बाईचं! गुडघा घेतला नाही पण सासूबाईची सुई घेतली!

चार!

७ फेब्रुवारी

चार. आपाचं विचारलं तर म्हणे, "चल रहा है." तिचा आकडा सांगत नाही, वहीत गोल करून झाकते. तिले मनाई आहे म्हणे. मी मनात म्हटलं, अर्धी मी खाऊन राहिली, म्हणून हिले फरक पडत नसन. चमचा तोंडात होता.

११ फेब्रुवारी

तीन!! बडनेरा स्टेशनचा पूल चढली!!! उतरली बी! साधनासंग भाजी आणाले गेली होती. वर मधोमध उभी राहून खालून जाणारी मालगाडी पाहिली, एकोणपन्नास डबे मोजले.

१६ फेब्रुवारी, रविवार. मोझरी

बसली.

मोझरीच्या आश्रमात, संध्याकाळच्या प्रार्थनेले, जमिनीवर, मांडी घालून. पूर्ण मांडी! साधना मागून खुर्ची घेऊन आली होती. मी हातानं नाही म्हटलं. आधी उजवा पाय, मंग डावा, खाली टेकली तवा डावा गुडघा एकदा कुईं बोलला अन् चूप झाला. शेजारच्या बाईनं सरकून जागा दिली. पाठ ताठ केली. डोळे मिटले.

कोणाचंच डोकं दिसलं नाही.

उठताना बी कोणाचा हात नाही घेतला. साधनाचे डोळे भरले. मी म्हटलं, "रडतेस काय, माझी तेरवी आहे काय?"

येताना बसमध्ये सारखं तेच आठवलं. जित्यांच्या मुलखात.

आपाले सांगाले धावत गेली. धावतच म्हणावं लागन! तिनं ऐकलं, मले धरलं, माझ्या डोक्यावरून हात उतरवून बोटं मोडली. कडाकडा. मंग खालच्या आवाजात म्हणे, "मैंने भी परसों ज़मीन पर सज्दा किया."

मी म्हटलं, अर्ध्या गोळीवर?

आपा नुसती हसली.

१८ फेब्रुवारी

आपाचे सहा हप्ते पुरे. डबा रिकामा. आजचा चमचा शेवटचा. चमचा चाटून पुसून परत दिला.

तीन. आता पुढं कसं?

२३ फेब्रुवारी, रविवार

दामिनी आली. आनंदात. साठ वह्या झाल्या. आपाचा रिकामा डबा घेतला, वही घेतली. "नानीची वही सगळ्यात साफ आहे. एक दिवस चुकली नाही."

मी म्हटलं, समज, कोणी कमी-जास्त खाल्ली तर? सहज विचारलं. मटार सोलत होती.

पोट्टीनं सरळच सांगतलं. "खोट्या गोळीनं बी माणूस बरं होते आजी. म्हणून तर मोजा लागते, खरी तिच्यापेक्षा किती जास्त काम करते ते. त्यात एकानं अर्धी खाल्ली अन् पुरी सांगतली, तर माझं उत्तरच खोटं होते. अन् उद्या त्या उत्तरावर कोणीतरी डॉक्टर कोणाच्यातरी आजीले गोळी देईन."

"मंग तेवढं एक माणूस काढून टाकायचं."

"साठ लागतातच. एक गेलं तर नवीन शोधायचं, पुन्हा सहा हप्ते. तोपर्यंत थिसीस द्यायची तारीख निघून जाते. परीक्षा सहा महिने मागं." मंग हसली. "पण तसं कोणी नाही."

मटार सांडले माझ्या हातून.

२४ फेब्रुवारी

काही लिहावं वाटत नाही.

२५ फेब्रुवारी

तीनच आहे. दुखत बी नाही मेलं! दुखलं असतं तर बरं वाटलं असतं.

गोळी मी मागतली. आपानं नाही मागतलं की घे म्हणून. कोणाचं ऐकून तिनं अमानत मोडली? माझं. अन् पोट्टी मोठ्या तोंडानं म्हणून गेली, नानीची वही सगळ्यात साफ!

गोड बोलून काम काढणाऱ्याले काय म्हणतात ते दामिनीनं सांगतलं होतं. मी खुशालरावले चिडवत बसली. ते तर रिकाम्या पंगतीत जाऊन बसतात. मी कोणाच्या पंगतीत बसली?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

अकोल्याले जाऊन आली. एकटी. घरी सांगतलं, पोट्टीले लाडू देऊन येतो.

पॅसेंजरमध्ये खिडकीपाशी बसली. मूर्तिजापूर गेलं तरी काय बोलायचं ते सुचलं नाही. अकोल्याचा पूल उंच आहे, बडनेऱ्यापेक्षा उंच. चढली. एक पायरी दुखली नाही. प्रत्येक पायरीवर वाटलं, ही चोरीची, ही बी चोरीची.

दामिनी कॉलेजच्या कँटीनमध्ये घेऊन गेली. लाडवाचा डबा उघडलाच नाही तिनं, माझं तोंड पाहून. "आजी, बाबा बरे आहेत ना?"

सांगून टाकलं सगळं. संक्रांतीपासून. खलबत्ता, शहद, चमचा, मोझरी. म्हटलं, आपाचा काही दोष नाही, तिले मी गोडीनं फसवलं. माझं नाव लिही कागदावर.

पोट्टीचा चहा थंडा झाला, वर साय धरली. शेवटी म्हणे, "कागद मी नानीले दोनदा वाचून दाखवला होता आजी."

रागावली असती तर मी सहन केलं असतं. रागावली नाही.

"मॅडम सोमवारी येतात. मले सांगा लागन."

"नको सांगू म्हटलं तर?"

"तू सांगाले आली ना इथपर्यंत? मंग मी कशी लपवू?"

गाडीत बसवून दिलं तिनं. पाणी घेऊन दिलं. डबा हातात धरून उभी होती, गाडी सुटेपर्यंत. अर्धी परीक्षा माझ्या पोटात गेली पोट्टीची. सहा महिने!

आपाले अजून माहीत नाही. भिंतीकडे गेलीच नाही मी. तिनं दोनदा आवाज दिला. झोपल्याचं सोंग घेतलं.

२८ फेब्रुवारी

सहा. आज खरंच दुखून राहिलं. बरं झालं.

दामिनी संध्याकाळी आपाले फोन करणार आहे.

१ मार्च, शनिवार

सकाळीच भिंतीवरून आवाज — "मैना! झूठी नींद बस कर! बाहर आ!"

गेली. मान खाली. आपाच्या एका हातात खलबत्ता, एका हातात कागदाची पुडी. मले म्हणे, हात पुढं कर. हातावर पुडी उलटी केली.

खडीसाखर.

"ये कुटती थी तेरे लिए. रोज. दवा का एक दाना नहीं दिया तुझे, पूरी की पूरी मैंने खाई. कल दामिनी को भी बता दिया. पहले रोई, फिर हँसी पगली."

मी एक खडा तोंडात टाकून पाहिला. शेवटी म्हटलं, "मंग मले काहून फसवलं वं?"

"अमानत में से देती कैसे? और तू अडतीस साल में पहली बार कुछ मांगने आई, तुझे ना कैसे बोलती?"

मी भिंत धरून बसली. हसू का रडू! दामिनीचा बी फोन येऊन गेला. तारीख वाचली, परीक्षा वाचली. मॅडमले हे सगळं सांगणारच आहे, पण आता हसत. अन् आता ही वही मागून राहिली! म्हणे, "आजी, दे ना, मले मोजायची आहे." नाही देत! मोजणार नव्हती ना?

आज चाँद दिसला तर उद्यापासून आपाचे रोजे. नमाज जमिनीवर, माथा टेकून. मी म्हटलं, चार वाजताच्या चमच्याचं काय? म्हणे, "आधा पाव बची है. शाम को आ, मुंह खोल के बैठ."

जाऊन आली. शहद, खडीसाखर, सगळं माहीत असून.

तीन! गुडघ्याले अजून कोणी सांगतलं नाही.